वीस बाय पंचवीसमध्ये लेकीबाळी मावतील असं घर



मागच्या महिन्यात भोकरदन तालुक्यातल्या एका गटाची बैठक संपली, वह्या पिशवीत भरल्या आणि एक ताई दारापाशी थांबल्या. त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. घरकुलाचं मंजुरीपत्र होतं. "मॅडम, जागा वीस बाय पंचवीस हाय. मिस्तरी परवा पाया खांदायला येतो म्हनतोय. घरात आम्ही तिघंच, मी, मालक अन् सासूबाई. पन दोन लेकी दिल्यात, पोरगा पुण्याला कंपनीत हाय. पंचमीला, दिवाळीला अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत समदे आले की चौदा मानसं होतात. एवढ्याशा जागेत काय करावं?"

मी त्यांना एवढंच म्हटलं, मिस्तरीला चार दिवस थांबायला सांगा. चार दिवसांनी काही बिघडत नाही. एकदा पाया भरला की पुढची चाळीस वर्षं आपल्याला त्याच भिंतींत वावरायचं असतं.

मोसंबीचं एक झाड लावायचं तर आपण अठरा-वीस फूट अंतर मोजतो, मगच खड्डा घेतो. पण घर बांधताना मात्र मिस्तरी येतो, दोरी ताणतो, "दोन खोल्या काढू, पुढं बैठक, मागं स्वयंपाक" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत चर खोदून मोकळा होतो. घरात दिवसातले अठरा तास वावरणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, चूल कुठं पाहिजे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचं परतूरकडचं घर असंच झालं. मी कॉलेजला होते तेव्हा बांधलं. पैसे कमी पडत होते म्हणून जिना राहू दिला, "नंतर करू" म्हणाले. तो नंतर अजून आलेला नाही. वर चांगली गच्ची आहे, पण तिथं जायला शिडी लागते, आणि शिडीवरून ना आजी चढते ना आई. खोल्या दोन, पण एका खोलीतूनच दुसरीत जायची वाट, त्यामुळे दोन्ही खोल्या म्हणजे रस्ताच. माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा तिला बाज टाकायला एक कोपरा निघेना. शेवटी स्वयंपाकाच्या खोलीत टाकली. सकाळी चूल पेटली की बाळ खोकायचं, मग बाळाला घेऊन ती ओट्यावर थंडीत बसायची. सव्वा महिना राहायला आलेली बहीण बाविसाव्या दिवशी सासरी गेली. आईनं जावयाला कारण वेगळं सांगितलं. तेव्हापासून दिवाळीला बहीण येते ती एका रात्रीसाठी.

म्हणून लहान जागेतलं घर हा विषय या वेळी घेतला. शहरातले लोक सुट्टीसाठी वेगळं घर बांधतात. आपलं राहतं घर हेच लेकीबाळींचं, कंपनीतल्या पोरांचं, ऊसतोडीहून परत येणाऱ्यांचं सुट्टीचं घर असतं. वर्षातले दहा महिने तीन माणसं आणि दोन महिने चौदा, हा हिशोब धरूनच ते आखलं पाहिजे.

जागा किती, बांधायचं किती

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. २०१६ च्या आधी इंदिरा आवासमध्ये हेच माप २० चौरस मीटर होतं. सपाट भागासाठी, म्हणजे आपल्यासाठी, योजनेची मूळ रक्कम १ लाख २० हजार रुपये, त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्याकडून मिळणारी रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून आपल्या मंजुरीपत्रावर असेल तोच आकडा धरायचा, शेजारणीच्या नाही. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घेता येते. वीस बाय पंचवीस म्हणजे बरोबर ५०० चौरस फूट. आपल्या भागात अशाच जागा जास्त दिसतात.

आता एक कडू बोलते. आपल्या गावांत लिंटलला येऊन थांबलेली घरं मोजा. भिंती उभ्या, वर आभाळ, आत बाभळी वाढलेल्या. त्यातली बरीच घरं गरिबीमुळे थांबलेली नाहीत, मोठा पाया घेतल्यामुळे थांबलीत. "एकदाच बांधायचंय तर मोठं बांधू" म्हणून चारशे-साडेचारशे फुटांचा पाया घेतात, पहिल्या हप्त्याचे पैसे जमिनीखालीच जातात, पुढचा हप्ता मिळायला त्या टप्प्याचं काम पुरं होऊन फोटो लागतो, आणि ते काम पुरं करायला खासगी कंपनीचं आठवड्याचं कर्ज निघतं. गटातल्या ताईंना मी हे नेहमी सांगते आणि काहींना राग येतो. पण २८० फुटांचं पुरं झालेलं घर साडेचारशे फुटांच्या अर्धवट घरापेक्षा मोठं असतं, कारण त्यात झोपता येतं.

फक्कीनं आखून बघा

त्या ताईंच्या जागेवर आम्ही काय केलं ते सांगते. टेप, सुतळी, आठ खुंट्या आणि फक्कीची पिशवी घेतली. गटातल्या सहा-सात जणी आल्या. जागा पूर्वेला रस्त्यावर उघडते, बाकी तीन बाजूंना शेजारी.

पंचवीस फूट खोलीचे तीन भाग केले. रस्त्याकडून आठ फूट मोकळे, मधले चौदा फूट घर, मागं तीन फूट बोळ. घर बाहेरून बाहेर वीस बाय चौदा, म्हणजे २८० चौरस फूट, घरकुलाच्या मापात बसतं. नऊ इंची भिंती वजा केल्या की आत साडेअठरा बाय साडेबारा उरतात. मधे चार इंची पडदी घालून उत्तरेला अकरा फूट रुंद मोठी खोली आणि दक्षिणेला सात फूट रुंद स्वयंपाकघर.

कोपरा काटकोनात आला का ते बघायला एक सोपी युक्ती आहे. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा बरोबर. पूर्ण घराचे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. वीस बाय चौदाचा कर्ण साधारण २४ फूट ५ इंच येतो. मिस्तरीनं आखल्यावर टेप घेऊन तुम्ही स्वतः मोजा. त्याला राग आला तरी मोजा.

मग खरा भाग. फक्कीच्या रेघांच्या आत आम्ही घर चालवून बघितलं. एक ताई चुलीपाशी बसली, एक हंडा घेऊन दारातून आली, एकीनं सूप घेऊन पाखडायची जागा शोधली. वाकळा आणून अंथरल्या. एका माणसाला झोपायला अडीच फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब जागा लागते. मोठ्या खोलीत चार-चारच्या दोन ओळी बसतात, म्हणजे आठ. कपाट धरलं तर सात. पुढच्या ओसरीत, जी आपण अकरा बाय आठची धरली, चार. स्वयंपाकघरात चूल-मोरी सोडून दोन. तेरा झाले. चौदावं लहान लेकरू आईच्या कुशीत. त्या ताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा. सासूबाई म्हणाल्या, "अन् पाहुना आला तर?" त्यावर गच्ची हे उत्तर. उन्हाळ्यात तर सगळं घर वरच झोपतं.

फक्कीची रेघ पुसायला फक्त पाय लागतो. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघराचं दार तीनदा हलवलं. विटांचं दार हलवायला किती लागतं ते सगळ्यांना माहीत आहे.

चूल, दार, जिना, कडी

चूल पूर्वेच्या टोकाला घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. स्वयंपाकघराला मागं पश्चिमेला दार आणि पुढं पूर्वेला चुलीच्या वर खिडकी असली की वारा मागून शिरतो आणि धूर पुढून घेऊन जातो. चूल मागच्या टोकाला ठेवली असती तर हाच वारा धूर सगळ्या घरात फिरवून मग बाहेर गेला असता. सासूबाईंना आग्नेय कोपरा पाहिजे होता, तोही साधला. वास्तूवरून मी कोणाशी वाद घालत नाही. पण जिथं वारा आणि वास्तू जुळत नाहीत तिथं मी वाऱ्याच्या बाजूनं असते. आपल्यापैकी बहुतेकींकडे गॅस आला असला तरी भाकरी आणि पाणी तापवणं अजून चुलीवरच आहे, तेव्हा धुराचा विचार सोडता येत नाही.

मोठ्या खोलीला समोर दार, मागं खिडकी, समोरासमोर. स्वयंपाकघरात जायचं दार पडदीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे ओसरीच्या दाराजवळ. यामुळे येण्याजाण्याची वाट खोलीच्या पुढच्या भागातच राहते आणि मागचा वायव्येचा कोपरा शांत राहतो. तो कोपरा बाळंतिणीचा, आजारी माणसाचा, परीक्षेला बसलेल्या पोरीचा. तिथं बाज राहते आणि समोर पडदा ओढता येतो. आमच्या घरी एवढं एक दार तीन-चार फूट सरकवलं असतं तर बहिणीला कोपरा मिळाला असता. त्याला जास्तीचा एक रुपयाही लागला नसता.

पडद्याचे आणि पाळण्याचे हूक स्लॅब टाकायच्या आधी सळईला बांधून घ्या. पंख्याचा हूक सगळे लक्षात ठेवतात, पाळण्याची कडी विसरतात. मग बारशाच्या दिवशी पाळणा कशाला टांगायचा म्हणून शोधाशोध होते.

स्वयंपाकघरावर लिंटलच्या उंचीला चार फूट रुंद माळा काढा. चौदा माणसांच्या वाकळा, पांघरुणं, उशा दहा महिने ठेवायच्या कुठं? खाली ठेवल्या तर एक माणूस झोपायची जागा जाते, शिवाय उंदीर.

आता जिना. दहा फूट चढायचं, एक पायरी सात इंच उंच धरली तर सतरा पायऱ्या होतात. पाय ठेवायला दहा इंच धरले तर साडेतेरा फूट लांबी लागते. पुढं काढला तर ओसरी जाते. घरात काढला तर एक खोली जाते. पण मागचा बोळ वीस फूट लांब आहे. तिथं अडीच फूट रुंद जिना सरळ बसतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळून चढायला सुरुवात, उत्तरेच्या टोकाला गच्चीवर. उंच टोकाखाली मोठ्या खोलीची खिडकी येते, तिला अडचण होत नाही. मधल्या भागाखाली सरपण आणि गोवऱ्या पावसात भिजत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतं, तिच्यावर जिन्याची थोडी सावली पडते. आणि बायका-पोरी रात्री वर झोपायला जातात त्या घरातूनच, रस्त्यावरून कोणाला दिसत नाही. हा जिना त्या ताईंनी स्वतः सुचवला. मी टेप धरून उभी होते.

पैसे खरंच कमी पडले तर जिना मागे ठेवा, पण स्लॅब टाकताना त्याच्या सळया बाहेर काढून ठेवा. जिना नसताना गच्ची वापरू नका आणि जिना झाल्यावर तीन फुटांचा कठडा होईपर्यंत लेकरांना वर पाठवू नका. सुट्टीत आलेली मामाच्या गावची पोरं कुठं धावतील सांगता येत नाही.

न्हाणी आणि संडास पुढच्या दक्षिण कोपऱ्यात, चार बाय सात फुटांत, रस्त्याच्या कडेला, घराच्या भिंतीपासून सुटे. दोन्हीची दारं ओसरीकडे उघडी न पडता मधे भिंतीचा आडोसा. काहींना संडास पुढं असलेला आवडत नाही, मागं पाहिजे असतो. पण मागच्या तीन फुटांच्या बोळात शोषखड्डा घेतला तर ते पाणी सरळ पायाखाली जाणार, आणि आपली जमीन काळी आहे.

काळी माती आणि जोतं

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात पडलेल्या भेगांत हात जातो ते आपण बघतो. तीच माती घराखाली असली की भिंत एका बाजूनं उचलते, एका बाजूनं खचते आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. चीर लिंपून बंद होत नाही, पुढच्या पावसाळ्यात परत उघडते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. गावात काही ठिकाणी मुरूम तीन फुटांवर लागतो, काही ठिकाणी सहा फुटांवरही लागत नाही. तसं असेल तर मिस्तरीच्या अंदाजावर सोडू नका, पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला जागेवर बोलवा. घरकुलाची पाहणी करणं हे त्यांचं कामच आहे, उपकार नाहीत. खोदून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका, जोत्यात मुरूमच भरायचा. काळी माती शेतात टाका.

घराभोवती निदान दोन फुटांची फरशी किंवा कोबा करा, उतार बाहेरच्या बाजूला. मागच्या बोळातलं भांड्यांचं आणि धुण्याचं पाणी नळीनं पुढं आणा. खड्डे रस्त्याकडच्या कडेला, पायापासून जेवढे लांब नेता येतील तेवढे.

जोतं रस्त्यापासून दोन-अडीच फूट वर ठेवा. गावात सिमेंटचा रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा थर टाकून होतो. रस्ता वर येतो, घरं खाली जातात. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी एक फुटाचं जोतं घेतलं त्यांच्या ओसरीत आज पहिल्या पावसाचं पाणी शिरतं.

"बायांना त्यातलं काय कळतं?"

फक्कीनं आखत होतो तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या एका काकांनी हे विचारलंच. त्यांना मी किल्लारीची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण तरुण ताईंना ती माहीत नसते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. मराठवाड्यातली जुनी घरं तुम्ही बघितलीत. दोन-अडीच फूट जाड दगडाच्या भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडाचे खण आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, पण भिंत म्हणजे आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन सुट्या रांगा, मधे माती-गोटे. धक्का बसला तशा त्या रांगा सुटल्या आणि माळवद खाली आलं.

पुढं काही गावं नव्या जागी वसवली आणि हजारावर गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायचा कार्यक्रम निघाला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावातल्या महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. भिंतीच्या दोन्ही रांगा बांधायला आरपार जाणारा दगड का घालायचा, दारा-खिडक्यांच्या वर घराला चारी बाजूंनी सलग पट्टा का लागतो, पैसा कुठल्या टप्प्यावर मिळतो, हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगितलं. त्याआधी त्यातल्या कित्येकजणी चावडीवरही गेलेल्या नव्हत्या. मिस्तरी काय करतोय ते त्या उभं राहून बघायच्या. काही तर स्वतः गवंडीकाम शिकल्या.

दुसरी बाजूही त्याच भूकंपाची. नव्या वसाहतींत रुंद रस्ते आणि ओळीत घरं आली, अभियंत्यांना ती छान वाटली. पण जुन्या वाड्याला भिंतीआडचं अंगण असायचं, तिथं बायका निवडत, टिपत, अंघोळ करत, बोलत. नव्या घराला चारी बाजूंनी उघडं अंगण. लोकांनी पुढं आपल्या पैशानं कुंपणाच्या भिंती घातल्या. घर पक्कं होतं, आडोसा आखायचा राहून गेला होता. म्हणून त्या ताईंच्या ओसरीला आम्ही रस्त्याच्या बाजूनं तीन फुटांची भिंत आणि वर जाळीच्या विटा धरल्या आहेत. वारा येतो, बसलेली बाई दिसत नाही.

लिंटलचा सलग पट्टा आपल्याकडेही सोडू नका. मिस्तरी फक्त दारा-खिडकीवर तुकडे टाकायला बघतो, सळई वाचते म्हणून. जालना सळईचं गाव आहे, सळई इथं घरची. तरीही शिक्का बघूनच घ्या.

पैसा कुठं घालायचा, कुठं नाही

हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. पाया, जोतं, पट्टा, स्लॅब, यात काटकसर नको. जिन्याच्या सळया, पाळण्याची कडी, माळा, मोरीचा उतार, हे तेव्हाच करायचं, कारण नंतर तोडफोड करावी लागते. बाहेरचं प्लास्टर, टाइल्स, रंग, दर्शनी भागावरचे खांब, ओसरीवरचा पत्रासुद्धा, हे पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. गटाच्या अंतर्गत कर्जातून टाइल्स घ्यायचा अर्ज आला तर मी सही करण्याआधी दोनदा विचारते, पण जिन्यासाठी आला तर लगेच करते. भेदभाव म्हणा हवं तर.

विटा वाचवायची एक पद्धत आहे. लॉरी बेकर नावाचे इंग्लंडात जन्मलेले आणि केरळात राहिलेले वास्तुविशारद होते, २००७ मध्ये वारले. गरिबांची स्वस्त घरं त्यांनी आयुष्यभर बांधली. ते विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचून मधे पोकळी ठेवत. भिंत नऊ इंचीच राहते, विटा साधारण चौथा भाग कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे आत ऊन कमी येतं. पण याला सगळ्या विटा एका मापाच्या लागतात, आणि आपल्याकडच्या भट्टीच्या विटा कशा वेड्यावाकड्या असतात ते तुम्हाला माहीत आहे. मिस्तरीला जमतंय का ते आधी न्हाणीच्या भिंतीवर करून बघा. नाही जमलं तर साधी भिंतच बरी.

स्लॅबवर दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी चुन्याचा जाड पांढरा हात मारा, दुपारी फरक जाणवतो. स्लॅब टाकल्यावर मातीचे किंवा सिमेंटचे वाफे करून निदान दहा दिवस पाणी साचवून ठेवायचं असतं. हे पाणी आपणच वाहतो, म्हणून बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून स्लॅब माघाच्या आसपास पडेल असं बघा. चैत्र-वैशाखात टँकरच्या पाण्यावर स्लॅब भिजवणं कोणालाच जमत नाही, मग तो कच्चा राहतो आणि गळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची इथं अडचण होते, कारण ते परत येतात तेव्हाच पाणी आटलेलं असतं. अशा ताईंनी जाण्याआधी पाया आणि जोतं पुरं करून ठेवलेलं बरं. जोतं एक पावसाळा खाल्लं तर बसतंही चांगलं. पण मंजुरीपासून घर पुरं करायची मुदत १२ महिन्यांची असते, तेवढं ग्रामपंचायतीत लेखी कळवून ठेवा.

आणि कागद. घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावानं द्यायचं, असा योजनेचा नियम आहे. घर झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागलं का ते स्वतः उतारा काढून बघा. मंजुरीपत्रावर तुमचं नाव आणि उताऱ्यावर फक्त मालकांचं, अशा दोन नोंदी याच वर्षी आपल्या संघात दुरुस्त करून घ्याव्या लागल्या.

बऱ्याच पंचायत समित्यांच्या आवारात नमुना घरकुल बांधलेलं असतं. बाजाराला जाल तेव्हा आत जाऊन या. स्वयंपाकघरात बसून बघा, हात लांब करून बघा. केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयानं 'पहल' नावानं राज्याराज्यांच्या हवामानाप्रमाणे आणि तिथं मिळणाऱ्या मालाप्रमाणे घरांचे नमुने काढले आहेत, तेही अभियंत्याकडे मागता येतात. त्यातला नमुना जसाच्या तसा घ्यायलाच पाहिजे असं नाही. योजनेत घराचा आराखडा लाभार्थ्यानं ठरवायचा असतो, ठेकेदारानं नाही.

त्या ताईंचा पाया मागच्या आठवड्यात भरला. मिस्तरी पहिल्या दिवशी कुरकुरला, मागच्या बोळातला जिना त्याला पटेना. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः पायऱ्या मोजल्या आणि म्हणाला, बसतोय. मुरूम साडेचार फुटांवर लागला. थोरली लेक पौषात बाळंतपणाला यायची आहे. तोवर स्लॅब काही पडणार नाही, तेव्हा हे बाळंतपण जुन्या पत्र्याच्या घरातच होईल. पण वायव्येच्या कोपऱ्यात बाज कुठं येईल तिथं त्यांनी आत्ताच एक खुंटी ठोकून ठेवली आहे आणि मिस्तरीला ती काढू देत नाहीत.

ज्या गटातल्या ताईंचं घरकुल यंदा मंजूर झालंय त्यांनी पाया खोदायच्या आधी आपल्या सचिवांकडे नाव द्यावं. येताना जागेचा उतारा, मंजुरीपत्राची झेरॉक्स आणि घरातल्या सगळ्या माणसांची यादी आणा, सुट्टीला येणाऱ्यांसकट. दोन वाकळाही आणा. टेप आणि फक्की माझ्याकडे आहे.

आपली,
क्षेत्र समन्वयक